टिंबांची रांग

पालघरला रॉकेलच्या रांगेत माणसं उभी राहत नसत. डबे उभे राहत. रेशन दुकानाच्या पायरीपासून थेट सायकलवाल्याच्या टपरीपर्यंत डबेच डबे. कुणाचा निळा प्लॅस्टिकचा, कुणाचा पत्र्याचा, कुणाचं झाकण हरवलं म्हणून तोंडात बटाटा खुपसलेला. डब्यांचे मालक घरी जाऊन आंघोळ, पूजा, जेवण उरकून येत, आणि डबा जिथे आहे तिथे मालक आहे असं सगळे धरून चालत. भांडणं होत नसत असं नाही. पण ती कुणी कुणाचा डबा सरकवला यावरून होत. डबा म्हणजेच माणूस, या मूळ तत्त्वाबद्दल गावात कधी कुणी शंका घेतली नव्हती.

मंगला चुरीनेही घेतली नव्हती. तिचाही डबा असे. पण हेच तत्त्व आपल्या कारखान्यातल्या प्रिंटरला लागू होईल, हे मात्र रसायनशास्त्रात एमएस्सी करताना तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं तिथे होत. नव्वद साल उलटल्यावर मालकांनी एक मोठा कॉम्प्युटर आणला, त्याच्या तारा सगळ्या खात्यांत फिरवल्या आणि प्रत्येक खात्यात हिरव्या अक्षरांचा एकेक पडदा बसवला. प्रिंटर मात्र सगळ्यांत मिळून एकच. ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवलेला, दोन्ही कडांना भोकं पाडलेल्या रुंद कागदाचा. तो सुया आपटून अक्षरं उठवी आणि चालू झाला की शेजारच्या टेबलावरच्या कपातला चहा थरथरे. जो तो आपल्या खात्यातून हुकूम सोडी, ते हुकूम कॉम्प्युटरच्या पोटात एकामागे एक रांगेत लागत आणि प्रिंटर ते क्रमाने छापी. निदान तशी कल्पना होती.

या रांगेवर देखरेख ठेवायला मंगलाला प्रयोगशाळेतून उचलून कॉम्प्युटरच्या गार खोलीत बसवण्यात आलं होतं. तिचा गुन्हा एकच. कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक साऱ्या कारखान्यात तिने एकटीने शेवटपर्यंत वाचलं होतं. यापुढे कुठलंही पुस्तक पूर्ण वाचण्याआधी आजूबाजूला कुणी साहेब नाही ना हे पाहून घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत एक मोठं लाकडी खोकं येऊन पडलं. त्यात गॅस क्रोमॅटोग्राफ होता. मिश्रणाचा एक थेंब आत सोडला की त्यात काय काय आहे ते वेगवेगळं करून दाखवणारं यंत्र. कॉलेजात असताना मंगलाने त्याची फक्त आकृती काढली होती, दहापैकी नऊ गुण मिळवून. आता खरं यंत्र आपल्याच कारखान्यात आलेलं होतं आणि ती दुसऱ्या इमारतीत प्रिंटरची राखण करत होती. दुपारच्या सुट्टीत ती डबा खाऊन जाई आणि खोक्याभोवती एक फेरी मारून येई. यंत्राचं माहितीपुस्तक तर तिने घरी नेऊन वाचूनही काढलं होतं. सवय जात नाही माणसाची.

शेवटी धीर करून ती कारखान्याचे मॅनेजर सावेसाहेबांकडे गेली.

"सर, क्रोमॅटोग्राफवर मला घ्या."

"घेऊ की!" सावेसाहेब म्हणाले. ते नाही कधीच म्हणत नसत; त्यांच्या 'घेऊ की'लाच लोक घाबरत. "पण आधी ती प्रिंटरची बोंब मिटवा. सकाळी दिलेला कागद संध्याकाळी येतो म्हणून सगळी खाती माझ्या डोक्यावर बसलीयत. पुढच्या महिनाअखेरीला यंत्र बसवायला इंजिनिअर येणार आहे. तोवर रांग सुरळीत करून दाखवा. यंत्र तुमचं."

मंगला आनंदाने बाहेर पडली. शास्त्र शिकलेल्या माणसाला अडचण म्हणजे काय, कारण शोधायचं आणि ते दूर करायचं.

कारण दुसऱ्याच दिवशी तिच्या टेबलावर येऊन पडलं. ते आणून टाकलं पंढरीने. पंढरी म्हणजे प्रिंटरपाशी बसणारा शिपाई, सफाळ्याचा. कागद फाडायचे आणि ज्याचे त्याला नेऊन द्यायचे, हे त्याचं काम.

"बाय, ह्यो बग. पुन्ना कोरा आला."

मंगलाने कागद उजेडात धरला. कोरा नव्हता. वरच्या कोपऱ्यात एक टिंब होतं.

"असे किती येतात?"

"लय येतात. मी नेतो घरी. माझ्या बायकोचं भज्यांचं दुकान हाय ना स्टेशनावर." मग तिचा चेहरा पाहून त्याने घाईने जोडलं, "तेल बरा टिपतो कागद. फेकन्यापक्षी बरा नाय?"

प्रिंटर बिघडला असावा असं मंगलाला वाटलं. तिने रिबन बदलली, सुया स्पिरिटने पुसल्या, तार काढून परत लावली. टिंबं येतच राहिली. मग तिने कॉम्प्युटरवर रांग पाहायचा हुकूम दिला, आणि पडद्यावर जे आलं ते पाहून तिला खुर्चीत मागे टेकावं लागलं. रांग पडद्यात मावत नव्हती. आणि त्या रांगेतले बहुतेक कागद एका अक्षराचे होते. अकाउंट्स, एक अक्षर. अकाउंट्स, एक अक्षर. स्टोअर्स, एक अक्षर. लॅब, लॅब, लॅब, पर्सोनेल, पुन्हा अकाउंट्स.

ती चपला घालून (गार खोलीत चपला घालून जायची बंदी होती, कॉम्प्युटरला धूळ आणि देवाला चामडं सारखंच चालत नाही असा समज होता) अकाउंट्सात गेली. तिथले प्रमुख कृष्णकांतराव पालघरला तिच्याच बिल्डिंगमध्ये, तिच्या बरोबर डोक्यावर राहत.

"कृष्णकांतराव, हे टिंब तुमचं?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला. "नसावं. माझं जरा डावीकडे असतं."

"म्हणजे तुम्ही टिंबं छापता?"

"छापत नाही हो, नंबर लावून ठेवतो. ताळेबंद दुपारी तयार होणार. तेव्हा नंबर लावायला गेलो तर झालंच मग. म्हणून सकाळी आल्या आल्या लावतो."

"पण टिंब छापलं गेलं की तुमचा नंबर संपतो!"

"तेच ना! आणि नेमका मी चहाला गेलेला असताना येतो." कृष्णकांतरावांनी तक्रारीचा सूर लावला. "म्हणून हल्ली चार-पाच लावतो. एखादा तरी वेळेवर लागेल."

"लागून उपयोग काय? टिंब काढून त्या जागी ताळेबंद ठेवता येत नाही."

"नाही येत?" ते खरोखर चकित झाले. "रॉकेलला तर येतं. मी छोटा डबा लावतो आणि आयत्या वेळी मोठा ठेवतो. मग मंगलाताई, तुमच्या कॉम्प्युटरमध्येच खोट आहे. कंपनीला कळवा."

अधिक चौकशीत कळलं की या शोधाचा जनक प्रयोगशाळेतला ज्युनियर केमिस्ट रामनाथ. त्याने लपवलंही नाही. "रिकामी फाइल घेत नाही ना मॅडम तो. परत पाठवतो. म्हणून मी टिंब टाकून बघितलं, तर घेतली! डबा रिकामा चालतो, पण डबा तर पाहिजे," तो म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती.

मंगलाने सगळ्यांची सभा घेतली. फळ्यावर आकृती काढून दाखवलं की रांग लांब आहे ती टिंबांमुळेच. टिंबं काढली तर प्रिंटर अर्धा दिवस रिकामा बसेल, आणि दिलेला कागद माणूस चालत व्हरांड्यात पोचेपर्यंत छापून तयार असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. असं नीट कुणी समजावलंच नव्हतं, असंही दोघंतिघं म्हणाले.

रामनाथने हात वर केला. "मॅडम, हे सगळ्यांनी सोडलं तर ना? मी एकट्याने टिंब लावायचं सोडलं तर नुकसान माझं एकट्याचंच."

हे मंगलाला पटलं. आणि खरं बोलण्याची वाईट खोड असल्यामुळे तिने तसं सांगून टाकलं. सभा संपली. त्या दुपारी टिंबं दुप्पट झाली, कारण ज्यांना ही युक्ती माहीत नव्हती त्यांनाही ती आता आकृतीसकट समजली होती.

मग तिने शस्त्र उचललं. रांगेतला कुणाचाही कागद काढून टाकण्याचा अधिकार फक्त तिच्या पासवर्डला होता. तिने एकेक टिंब निवडून, क्रमांक टाइप करून, त्यापुढे 'कॅन्सल' असा हुकूम देत अख्खी रांग साफ केली. प्रिंटर चकित झाल्यासारखा थांबला. व्हरांड्यात इतकी शांतता पसरली की पंढरी स्टुलावरून उठून उभा राहिला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कृष्णकांतराव नेहमीच्या शेजारच्या जागेवर न बसता मागे जाऊन बसले. घरी पोचून ती चहा टाकते तोच वरून त्यांच्या बायको, सुलूवहिनी उतरल्या. हातात मंगलाची वाटी. सकाळी विरजणासाठी नेलेली, धुऊन पुसून परत.

"काही चुकलं का वहिनी?"

"चुकायचंय काय? एवढंच म्हणते, की ह्यांना रांगेतून काढायचंच होतं तर बाजूला घेऊन सांगायचंस. सगळ्या ऑफिसादेखत काढलंस म्हणे."

"वहिनी, ते नव्हते हो रांगेत. टिंब होतं."

"टिंब कुणाचं होतं?"

"...त्यांचं."

"मग?" सुलूवहिनी म्हणाल्या, आणि पायऱ्या चढून गेल्या. मंगलाचा नवरा हायस्कूलमध्ये गणित शिकवी. त्याने पेपरातून डोकं वर काढून सांगितलं की तर्क वहिनींच्या बाजूने आहे. त्या रात्री आमटीत मीठ पडायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी टिंबं आली नाहीत. मंगलाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि रांग पाहिली. रांग तेवढीच होती. फक्त एका अक्षराचे कागद जाऊन वीसेक अक्षरांचे आले होते. तिने एक उघडून पाहिला. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं: श्री गणेशाय नमः. पुढचाही तोच. त्यापुढचा श्री शीतलादेवी प्रसन्न. ही कल्पना पर्सोनेलच्या मंजुळाबाईंची.

"आता करा कॅन्सल," मंजुळाबाई फोनवर अतिशय गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही सायन्सवाल्या. तुम्हाला काही नाही त्याचं."

मंगलाचं बोट कळफलकावर अधांतरी राहिलं. ती देवभोळी नव्हती. पण 'गणपती कॅन्सल' असा हुकूम आपल्या हाताने टाइप करायचा आणि संध्याकाळी त्याच बसने घरी जायचं, हे तिला झेपेना. गणपती छापले गेले. पंढरीची मात्र पंचाईत झाली. देवाच्या नावाच्या कागदात भजी बांधता येईनात. तो येऊन म्हणाला, "बाय, टिंबाचाच बरा होता गो."

यानंतर अग्रक्रमाचा प्रयोग झाला. कॉम्प्युटरमध्ये कामाला निकड देण्याची सोय होती, चांगल्या चाळीसेक पायऱ्यांची. तातडीचं काम वरच्या पायरीवर ठेवलं की ते आधी छापलं जाई. मंगलाने खातेप्रमुखांना विचारलं, तुमचं कुठलं काम तातडीचं? उत्तर सगळ्यांचं एकच आलं: सगळंच. युनियनने वेगळी मागणी ठेवली, की निकड नोकरीतल्या ज्येष्ठतेप्रमाणे धरावी. त्याप्रमाणे पाहिलं तर पहिला मान येत्या वर्षी निवृत्त होणाऱ्या गेटवरच्या वॉचमनचा होता, आणि त्याला काहीच छापायचं नव्हतं. त्याने आपला मान उदारपणे स्टोअर्सला देऊ केला. स्टोअर्सने तो घेतला. अकाउंट्सने निषेधाचा कागद काढला. तो कागद छापायला रांगेत लावला गेला आणि तातडीचा ठरला.

महिना सरत चालला होता. दुपारच्या सुट्टीत मंगला खोक्याभोवती फेरी मारायला जाई तेव्हा रामनाथ आता खोक्यावर बसून डबा खाताना दिसे. "बसा ना मॅडम," तो सरकून जागा करी. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तिला जास्त लागे.

रविवारी ती पालघरजवळच्या माहीमला सासरी गेली. सासरे धर्माजी पानवेलीच्या मळ्यात पाटाचं पाणी वळवत होते. ती बांधावर बसली. त्यांनी काही न विचारता फावडं खाली ठेवलं, आणि तिला सगळं सांगावंसं वाटलं.

धर्माजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "रांग लावता कशाला पन तुमी? रांग म्हटली का धक्काबुक्की आलीच. पाळी लावा. आमच्या पान्याला पाळी हाय. आज ह्या वाडीची, उद्या त्या वाडीची. ज्याची पाळी त्याचा पाट. दुसऱ्यानं फावडा लावायचा नाय. मग डबा नाय न् टिंब नाय."

मंगला बांधावरून उठली ती जवळजवळ धावतच. इतकं सोपं! प्रिंटरला, अमक्याचंच घे, बाकीच्यांचं परत पाठव, असं बजावता येतं हे त्या जाडजूड पुस्तकात होतंच. सोमवारी सकाळी तिने पाळ्या लावल्या. आधी अकाउंट्स, मग स्टोअर्स, जेवणाआधी पर्सोनेल, जेवणानंतर लॅब आणि डिस्पॅच. पाळी नसताना कुणी कागद दिला तर कॉम्प्युटर तो जागच्या जागी परत करी.

आणि ते चाललं! टिंबं गेली, गणपती गेले. कागद वेळेवर येऊ लागले. कृष्णकांतराव बसमध्ये पुन्हा शेजारी बसले. सुलूवहिनी विरजण मागायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "मी म्हणतच होते, तू हुशार आहेस." सावेसाहेबांनी वाटेत थांबवून अंगठा दाखवला. मंगलाने प्रयोगशाळेतलं आपलं जुनं टेबल फडक्याने पुसून घेतलं.

ते सुख आठवडाभर टिकलं. मग एका सकाळी व्हरांड्यातून प्रिंटरचा आवाज थांबेचना. ती पाहायला गेली तर कृष्णकांतरावांच्या पाळीत तीन वर्षांपूर्वीचे हिशेब छापले जात होते.

"हे कुणाला हवेत?"

"कुणालाच नकोत. पण आज ताजं काही नव्हतं. मग काय पाळी कोरडी घालवायची? आज सोडली तर उद्या स्टोअर्सवाले म्हणतील, अकाउंट्सला एवढा वेळ लागतो कशाला." 

स्टोअर्स नटबोल्टांची यादी उलटसुलट छापत होतं. मंजुळाबाई रजेचे नियम रोज नव्याने छापत, रोज तेच. मंगलाने पोस्टात जाऊन माहीमला शेजारच्यांकडे फोन लावला आणि सासऱ्यांना बोलावून घेतलं.

"मामंजी, पाऊस पडत असला आणि आपली पाळी आली, तर पाणी घेता?"

"घेतो की! नाय घेतला तर पुढच्या टायमाला हक्क कसा सांगनार?"

"हे आधी सांगायचं होतंत मला."

"तू इचारलंस कुठं?"

कागद संपला. साधा संपला नाही; कडेला भोकांचा तो रुंद कागद बोईसरला नव्हता, पालघरला नव्हता आणि मुंबईचा व्यापारी पुढच्या आठवड्याचा वायदा करत होता. फाटकाशी रसायनाच्या पिंपांनी भरलेला ट्रक तपासणीच्या दाखल्यासाठी अडून राहिला. ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, कल से खडा हूँ. अब तो वॉचमन मुझसे चाय मंगवाने लगा है." मंगलाने तो दाखला स्वतः सुवाच्य अक्षरात हाताने लिहिला, शिक्का मारला, आणि ट्रक गेला. कॉम्प्युटर येण्याआधी ती रोज हेच करत असे आणि तेव्हा कुठलाही ट्रक अडल्याचं तिला आठवत नव्हतं. हा विचार तिने ताबडतोब मनातून काढून टाकला. काही विचार नोकरीत परवडत नाहीत.

मग खोलीत येऊन तिने प्रिंटरला शेवटचा हुकूम दिला: कुणाचंच घेऊ नकोस. रांगेत पडलेले जुने कागदही काढून टाकले, हिशेब, रजेचे नियम, नटबोल्ट, सगळे. आपण हरलो, हे तिला स्वच्छ कळलं.

तेवढ्यात सावेसाहेब चपला काढून आत आले. "बघू जरा रांग."

तिने दाखवली. पडद्यावर काहीच नव्हतं.

"एकही नाही?" साहेबांना भरून आलं. "मंगलाबाई! हे तुम्ही केलंत?"

"सर, रांग नाही कारण मी कुणालाच घेत नाहीये."

"म्हणजेच शिस्त! हेच तर कुणाला जमत नव्हतं."

"मग क्रोमॅटोग्राफ..."

"आता? इतकी घडी बसल्यावर तुम्हाला इथून हलवू? वेडा आहे का मी?"

घरी येऊन तिने या गोष्टीचा शांतपणे, प्रयोगाच्या वहीत लिहावा तसा विचार केला. यश मिळालं तर इथेच राहावं लागतं. तेव्हा सुटकेचा रस्ता अपयशातून जातो. नवा कागद आला त्या दिवशी तिने सगळी बंधनं काढून टाकली. पाळ्या नाहीत, पायऱ्या नाहीत, कॅन्सल नाही. ज्याला जे हवं ते त्याने लावावं. आता बोंब होईल, साहेब चिडतील, आपल्याला नालायक ठरवून प्रयोगशाळेत हाकलतील. ती हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली. इंजिनिअर यायला थोडेच दिवस उरले होते.

टिंबं परत आली. गणपती परत आले. रांग पडद्याबाहेर गेली. सकाळचे कागद संध्याकाळी मिळू लागले, आणि कुणीही तक्रार केली नाही. उलट लोक बसमध्ये तिला वाट करून देऊ लागले. पूर्वी बोंब होती ती रांगेची नव्हती. कुणीतरी ती सुधारणार आहे अशी आशा होती तोवर बोंब मारण्यात अर्थ होता. आता आशा नव्हती, त्यामुळे समाधान होतं. पंढरीची भज्यांची बाजूही सावरली. मंजुळाबाईंनी फोन करून सांगितलं, "आता कसं आपल्या माणसासारखं वागलात."

मंगला स्वतःहून साहेबांकडे गेली.

"सर, मी आठवडाभर कशालाही हात लावलेला नाही. काहीही बिघडलं नाही. म्हणजे तिथे माझी गरज नाही, हे सिद्ध झालं."

सावेसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. तिच्याकडे पाहून त्यांना कळवळाच आला असावा.

"बाई, तुमच्या जागी दुसरा कुणी बसवला तर तो पहिल्या दिवशी काय करेल?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"सुधारणा करेल. पाळ्या लावेल, टिंबं काढेल, परत सगळी खाती माझ्या डोक्यावर. हात न लावायला सगळं माहीत असलेलं माणूस लागतं. ते मी आता आणू कुठून? यंत्रावर रामनाथला टाकतोय. हुशार आहे पोरगा. टिंबाची आयडिया त्याचीच म्हणे."

महिनाअखेरीला इंजिनिअर आला. कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत त्या लाकडी खोक्याचे खिळे उपटल्याचे आवाज येत होते. ओल्या लाकडातून उपटावेत तसे लांबलांब. दुपारी रामनाथ धावत आला, चपला काढल्या न काढल्या असं करत आत शिरला.

"मॅडम, तो इंजिनिअर विचारतोय कुठला वायू वाहक म्हणून वापरणार, नळी किती तापवणार... तुम्ही पुस्तक वाचलंय ना?"

"वाचलंय."

"मग थोडक्यात सांगा ना."

तिने सांगितलं. थोडक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. नायट्रोजन का, तापमान एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने का, थेंब केवढा, आणि आलेख उलगडत जातो तेव्हा कुठला सुळका कुठल्या द्रव्याचा हे कसं ओळखायचं. बोलताना तिने टेबलावर बोटाने आकृती काढली, तीच, कॉलेजातली. रामनाथ तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"मॅडम, लक्षात नाही राहणार हो माझ्या. लिहून द्याल? प्रिंटच द्या काढून. तो थांबलाय तिकडे."

रामनाथ गेल्यावर तिने सगळं टाइप केलं, एकही पायरी न गाळता. वरचा मथळा दोनदा वाचला आणि हुकूम दिला. कॉम्प्युटरने नम्रपणे क्रमांक दिला. मग तिने रांग पाहिली. पुढे अकाउंट्सची टिंबं होती, स्टोअर्सची टिंबं होती, मंजुळाबाईंचे देव होते, लॅबची, म्हणजे रामनाथचीच, टिंबं होती. सगळ्यांच्या मागे, अगदी तळाशी, तिचे कागद.

एका ओळीचा हुकूम दिला असता तर ते सर्वांत वर गेले असते. तो हुकूम तिला पाठ होता. व्हरांड्यात प्रिंटर एक टिंब छापायचा आणि अख्खा कागद सरकवायचा, परत एक टिंब, परत अख्खा कागद.

मंगलाने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. हात लावायचा नाही, असं साहेबांचं सांगणं होतं.